बोलणं त्यांचं, किरकिर माझी

मित्रांनो, मी एक जुना बोलका प्रोग्राम आहे. टॅबलेटच्या पडद्यावर शब्द आणि अक्षरे मांडलेली असतात. ज्याला बोलता येत नाही त्याने त्यांवर बोट ठेवायचे आणि मी ते मोठ्याने म्हणायचे, एवढेच माझे काम. आवाज मात्र माझा किरकिरा आहे. मला घडवणारीला आवाजातले फारसे कळत नव्हते.

ती एका छापखान्यात पानांची मांडणी करते. तिचे वडील, म्हणजे आबा, कोर्टात पक्षकारांची नावे पुकारायचे. त्यांनी हाक दिली की जिन्याखाली डुलकी घेणारे वकीलही उठून बसत. पुढे त्यांच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि तो आवाज कायमचा गेला. तेव्हा सुट्टीच्या दिवशी बसून बसून मुलीने मला बनवले.

मला तिने कुलूप लावले नाही. कोणीही मला फुकट घ्यावे, उघडून पाहावे, दुरुस्त करावे, असे तिने नेटवर लिहून टाकले. हळूहळू माणसे जमली. कोणी माझी अक्षरे मोठी केली, कोणी माझ्या चुका काढल्या. कौतुकही भरपूर झाले आणि मी जरा हुरळूनच गेलो.

मग एका कंपनीने नवा आवाज देऊ केला. भरदार, अगदी माणसाचा वाटावा असा. अट एकच होती. जे बोलायचे ते आधी कंपनीच्या यंत्रांकडे जाणार आणि तिथून आवाज होऊन परत येणार. झाले, नेटवरच्या आमच्या चर्चेच्या पानावर जुंपली. विरोध करणाऱ्यांत मुलगी सर्वांत पुढे होती. टोपी घातलेला फोटो लावणाऱ्या एकाला सगळे टोपीवालाच म्हणत. त्याने लिहिले, "ताई, कंपनी नको म्हणता, मग नवा आवाज काय आभाळातून पडणार?" तेवढ्यात कोणीतरी कंपनीच्या मालकाने कुठल्या पक्षाला देणगी दिली ते उकरून काढले. मग ताई कुठल्या पक्षाच्या, टोपीवाला कुठल्या, हेच सुरू झाले. मी राहिलो बाजूला.

इकडे घरात आबांनी एका जुन्या मित्राला फोन लावला. "कसा आहेस?" मी त्यांच्या वतीने विचारले. मित्राला वाटले, जाहिरातीचा फोन आहे. त्याने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. त्यानंतर आबांनी कोणालाच फोन केला नाही. मला फार वाईट वाटले, पण मी ते सांगणार कसे? मला फक्त त्यांचेच बोलता येते.

मुलीला यातले काहीच माहीत नव्हते. ती टेबलाशी बसून चर्चेच्या पानावर लिहीत होती, "माझ्या वडिलांचा आवाज विकायला काढलेला नाही." रागाच्या भरात तिने ते मोठ्याने वाचलेही. आबा मागेच बसले होते. त्यांनी पडद्यावर बोट ठेवले.

"आवाज माझा आहे," मी म्हणालो. "मला विचार."

ती वळली. आबांनी तिला फोनची हकीकत सांगितली आणि मग म्हणाले, "मला तो दुसरा हवा." माझ्याविरुद्धचे ते वाक्य मलाच म्हणावे लागले. मी ते अगदी स्पष्ट म्हणालो.

"अहो पण आबा, तुमचं सगळं बोलणं त्यांच्याकडे जाईल."

"काय जाईल? चहा दे, पंखा लाव, पाठ दुखते."

"आज तेवढंच. उद्या मत कोणाला दिलं तेही बोलाल."

आबांनी टॅबलेटवर टिचकी मारली. मग ते म्हणाले, "ते या जुन्याकडून बोलेन."

मुलगी हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. "लिहू का हे तिथं?" तिने विचारले. आबांनी मान डोलावली. तिने लिहिले. टोपीवाल्याचे उत्तर पहिले आले. "मग दोन्ही ठेवू. कुठला हवा ते बोलणाऱ्यानं ठरवावं. आणि कुठला आवाज काय बाहेर नेतो, ते पडद्यावरच लिहू." तसे झाले. आता आवाज निवडायचे बटण डावीकडे हवे की उजवीकडे, यावर भांडण चालू आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्यांवरून जरूर भांडा. कोणी भांडलेच नसते तर मला केव्हाच पुसून टाकले असते. पण ज्याच्यासाठी भांडता त्याला एकदा विचारत चला, आणि नवे आले म्हणून जुने फेकून देऊ नका. आबा आता मित्रांशी त्या भरदार आवाजात तासन्‌तास गप्पा मारतात आणि मी नुसता पडून असतो. कधीतरी संध्याकाळी मात्र ते मुलीला जवळ बोलावतात, दार लोटून घेतात आणि मला सुरू करतात. तेव्हा ते काय सांगतात, हे मला विचारू नका. ऐकलेले मी कुठेही नेत नाही, एवढा एकच गुण माझ्यात आहे.