कुलूपबाईंची कचरापेटी

"फुकट? म्हणजे यात काहीतरी काळंबेरं आहे," बाई म्हणाल्या आणि इंजिनिअरच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

नोंदणी शाखेत सगळे त्यांना माघारी कुलूपबाई म्हणत. टाचण्यांचा डबासुद्धा त्या कुलपात ठेवत. ऑफिसातले कॉम्प्युटर आता नव्या, बिनपैशाच्या प्रणालीवर जाणार होते आणि आज पाळी त्यांच्या टेबलाची होती.

"उलट याचं आतलं सगळं उघडं असतं, मॅडम. कोणीही डोकावून बघू शकतं."

"कोणीही?" बाईंनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"प्रोग्रॅम हो. तुमच्या फायली नाही."

असं सगळेच म्हणतात, बाईंना वाटलं.

बाईंच्या आजारी नवऱ्याने दवाखान्यातून फोनवर एक निरोप बोलून पाठवला होता. "अगं, गॅस बंद केलास ना? आणि जेवून घे, माझी वाट बघू नकोस." त्यानंतर तो घरी आलाच नाही. फोनही बिघडला, पण त्याआधी बाईंनी तो आवाज ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये घालून घेतला होता. रोज जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर काढून इअरफोन लावून ऐकायचा आणि लगेच परत स्क्रीनवरच्या कचरापेटीत टाकून द्यायचा. कचऱ्यात कोण हात घालतं? लोकांना वाटे, बाई गाणी ऐकतात.

एकेक फाईल नव्या जागी जात होती आणि बाई डोळ्यांत तेल घालून बघत होत्या.

"सगळं उतरवून घेतलं की जुनं पुसतो. कचरापेटीतलं काही लागेल का?" इंजिनिअरने सहज विचारलं.

सहज? नेमकं कचरापेटीचंच कसं विचारलं याने?

"कचऱ्यात काय असणार?" बाई तुटकपणे म्हणाल्या. टेबल हलवलं की खणातलं आपोआप बरोबर येतं, असा त्यांचा हिशोब होता.

दुसऱ्या दिवशी नव्या स्क्रीनवर कचरापेटी होती. बाईंनी आजूबाजूला बघून ती उघडली. रिकामी होती. बंद करून पुन्हा उघडली.

"आलं ना सगळं, मॅडम?" इंजिनिअरने दारातून विचारलं.

"जुन्यातलं राहिलेलं कुठे असतं हो?"

"कुठेच नाही. पुसलं म्हणजे गेलं. आता कोणालाही दिसणार नाही, निश्चिंत राहा."

बाईंना त्याचा राग आणायचा होता, पण येईना. त्याने विचारलं होतं.

"आलं सगळं," त्या म्हणाल्या.

जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "आज कुठलं गाणं, बाई?"

"जुनंच," बाई म्हणाल्या. त्यांनी इअरफोन कानात घातले, डबा उघडला आणि कोणाची वाट न बघता जेवायला लागल्या.