सदतिसावी ओवी

चिक्कडपल्लीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्रिवेणी चार दिवस नुसती खुशीत होती. हैदराबादेतल्या मराठी घरांत बायकांच्या ओठांवर उरलेल्या ओव्या तिनं सात वर्षं दारोदार फिरून मोबाइलवर टिपल्या होत्या. त्या ऐकवणारी तिची वेबसाइट होती. महिन्याला दोनशे माणसं ऐकायची, बस्स. पण या चैत्रात कुणीतरी त्यातली एक ओवी व्हॉट्सॲपवर फिरवली, आणि एका आडावर अख्खं गाव घागरी घेऊन लोटावं तशी गत झाली. सर्व्हरनं दोनदा मान टाकली.

मग त्रिवेणीनं ओढणी खोचली. दोन नवे सर्व्हर घेतले, ओझं दोघांवर वाटून दिलं. फायली हलक्या व्हाव्यात म्हणून ओव्यांच्या मागचं-पुढचं बोलणं, खोकणं, भांड्यांचे आवाज एका प्रोग्रॅमकडून छाटून घेतले. दाराशी राखणदारही बसवला. इंटरनेटच्या एकाच पत्त्यावरून तासाभरात शंभरदा तेच मागणं आलं, की हा माणूस नव्हे, हल्ला करणारं यंत्र असं समजायचं आणि बाहेर ठेवायचं. काल त्या राखणदारानं पहिला चोर धरला, तेव्हा तिनं कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन स्वतःलाच इराणी चहा पाजला होता. आता आज चार वाजता जुना सर्व्हर आपोआप पुसला गेला, की गंगेत घोडं न्हालं.

पावणेचारला दारावरची घंटी वाजली. दारात नरहरकाका. सचिवालयातून निवृत्त झालेले, विद्यानगरचे. सदतिसावी ओवी त्यांच्या घरची, सरोजकाकूंची. काकूंना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

"काका, या उन्हात? फोन करायचा ना!"

"केला की परवा. तू म्हणालीस, फोन बंद करून चालू करा. केला. म्हटलं पोरगी कामात परेशान, कायकू सतवायचं. पण कालपासून तुझी साइट उघडतच नाही बघ. शेजाऱ्यांकडं उघडते. माझ्यावरच काय की, रुसलीय."

त्रिवेणी हसली. पंखा लावला, पाणी दिलं, आणि सहज म्हणून कालच्या चोराची नोंद उघडली. तिचं हसू तिथंच विरलं. मागणी एकच, ओवी सदतीस. एका तासात एकशे चार वेळा.

"काका... तुम्ही काकूंची ओवी किती वेळा लावली?"

"मोजतंय कोण? ती पुरती येतच नव्हती ना! ओवी येते, शेवटचं येत नाही. वाटलं, नेट अडकतंय. म्हणून पुन्हा लावली. पुन्हा लावली."

"माझ्या मशीननं तुम्हाला चोर ठरवलं, काका."

"अरे वा! चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली, तिथं कुणी म्हटलं नाही," काका खो खो हसले. मग ग्लासाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "पण ते शेवटचं तेवढं दे, बाई."

ओवीनंतरचं बोलणं. तिनंच छाटलेलं. मोबाइलवरचं जागेसाठी कधीच पुसलेलं. बॅकअप होता, पण तो घेतला छाटणी झाल्यावर. जसंच्या तसं सगळं होतं ते फक्त जुन्या सर्व्हरवर, आणि घड्याळात चारला सात मिनिटं कमी.

तिनं पासवर्ड टाकला. चुकला.

"काही अडलं का ग?"

"नाही काका. पाणी प्या तुम्ही."

दुसऱ्यांदा टाकल्यावर सर्व्हरचं दार उघडलं. पुसण्याचा हुकूम तिनं आधी रद्द केला आणि मगच श्वास सोडला. एकशे बाराच्या एकशे बारा मूळ फायली नव्या घरी निघाल्या. साइट जड होईल? होऊ दे. आणखी एक सर्व्हर घेऊ. बायका ओवीला बसल्या की मध्येच खोकणारच, सुनेला हाक मारणारच.

विद्यानगरचा पत्ता तिनं राखणदाराच्या यादीतून काढला आणि फोन काकांच्या हातात ठेवला.

"आता लावा."

सरोजकाकूंचा जरासा चिरका, गोड आवाज खोलीत आला.

मुसीच्या ग काठी माझी सावली लांबली,
येणाऱ्या पावलांशी नजर थांबली.

ओवी सरली. परवा इथंच सगळं तुटत होतं. आज मागं भांडं वाजलं, बांगड्या किणकिणल्या, आणि काकू त्याच सुरात, किंचित वैतागून म्हणाल्या, "अहो, तो पंखा बंद करा ना. पोरीच्या मशीनमध्ये घरघर येतेय."

नरहरकाका गडबडीनं उठले. भिंतीपाशी गेले आणि त्रिवेणीच्या डोक्यावरच्या पंख्याचं बटण त्यांनी खट्कन बंद केलं.

"हौ, हौ," ते पुटपुटले. "केला."

एप्रिलचं ऊन खिडकीत तापत होतं. पाती हळूहळू थांबली. घामानं दोघांचे कपडे चिकटले, तरी पंखा लावायला कुणी उठलं नाही. काकांनी पुन्हा सदतीस लावली.