चार बोटं आणि एक वीत

ही २०१९ सालची गोष्ट. गणपती होऊन गेले होते आणि दहिसरच्या धुऱ्यांच्या घरात बांधाबांध सुरू झाली होती. इमारत पाडून नवी व्हायची होती. तोवर सहदेव आणि रुक्मिणी दिंडोशीला मुलीकडे, रुचिराकडे, राहायला जाणार होते. भांडी जातील, कपाट जाईल, देव जातील, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. घोडं अडलं होतं ते एका टेबलापाशी.

सहदेव कॅमेरे दुरुस्त करायचा. बाप मालवणहून येऊन गिरणीला चिकटला, पण मुलाचं मन तिथल्या मागा-सांच्यात रमलं नाही. तो फोर्टात एका म्हाताऱ्या पारशाच्या हाताखाली कॅमेरे खोलायला शिकला आणि पुढे घरातच खिडकीशी टेबल टाकून बसला. मुंबईच्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते, काचेवर बारीक मुळं पसरल्यासारखी. ती काढण्यात सहदेवचा हात धरणारा उपनगरांत दुसरा नव्हता. पण पुढे रोल गेले, मोबाइल आले आणि टेबलावर येणारं काम आटलं. आता तर त्याचा हातही कापायला लागला होता. चहाचा कप ओठाला जाईतो बशीत अर्धा सांडलेला असे.

"बाल्कनी बंद करून घेऊ, बाबा," रुचिरा म्हणाली. "टेबल तिथे बसेल. पण खरं सांगा, हात चालतो का अजून?"

सहदेवने टेबलावरच्या सुट्या काचांवर फडकं ओढलं. मग म्हणाला, "धर्माची लेन्स उघडून ठेवलीय. ती पहिल्या खेपेला बरोबर आली तर टेबल येईल. नाही आली तर राहील."

मागे एकदा टायफॉइडमध्ये सहदेव टेबलावरून उठला, तो दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होता. चहा विचारला तर "ठेव" म्हणायचा. पुढे टेबलाशी बसला तेव्हाच माणसात आला. टेबल गेलं तर हा माणूस दिंडोशीत कुठल्या भिंतीकडे तोंड करील, हाच घोर रुक्मिणीला लागला.

धर्मा म्हणजे वेसाव्याचा धर्मा कोळी, सहदेवचा तरुणपणापासूनचा दोस्त. त्याच्या बापाने बंदरातल्या एका रशियन खलाशाला पापलेटं देऊन कॅमेरा मिळवला होता. वजनाला पाट्यासारखा. त्याच्या खिडकीतून बघितलं की समोरच्या माणसाची दोन चित्रं दिसत. लेन्सचं कडं फिरवून ती एकावर एक आणली की अंतर जुळलं. त्याची लेन्स पेटीत राहून दुधासारखी पांढरी झाली होती. सहदेवने ती सगळी खोलली, काचा पुसल्या, जुनं सुकलेलं वंगण काढलं, नवं घातलं आणि लेन्स पुन्हा बांधली. काच आरशासारखी निघाली. आता फोटो काढून बघायचं तेवढं राहिलं होतं.

लेन्स तपासायची सहदेवची रीत ठरलेली होती. समोर रुक्मिणी उभी राहायची, छातीशी पेपर धरून. तो टेपने अंतर मोजायचा, जमिनीवर खडूची रेघ मारायचा, आणि रेघेला चपलांची टोकं लावून तिने खांबासारखं उभं राहायचं. लग्न झाल्यापासून असंच. घरात तिचे शेकड्याने फोटो, आणि एकातही ती हसलेली नाही. तिची बहीण म्हणायची, "भावोजींना तू दिसतेस की पेपर?" पण हलायचं नाही ही गोष्ट रुक्मिणीने अशी अंगात मुरवली होती की गालावर डास बसला तरी ती पापणी हलवत नसे.

रविवारी दोघं वेसाव्याला गेली. आधी किनाऱ्यावर होड्यांचे फोटो झाले. पण कडक उन्हात लेन्सचं छिद्र बारीक ठेवावं लागतं, आणि बारीक छिद्रावर कुठलीही लेन्स शहाणी दिसते. खरी परीक्षा सावलीत, छिद्र पूर्ण उघडून, जवळच्या माणसावर. म्हणून धर्माच्या ओटीवर रेघा मारल्या. मागे ओटीच्या खांबापासून भिंतीपर्यंत धर्माचं अर्धं विणलेलं जाळं तिरकं टांगलेलं होतं.

"हलू नको गो वयनी!" धर्मा ओरडला. "तुझा नवरा आज परीक्षेला बसलाय."

"तुम्ही हसवू नका म्हणजे झालं."

"एवढा फोटो काढतोय, जरा पावडर तरी लाव गो," धर्माची बायको पार्वती आतून म्हणाली.

"पेपराला लावू?" रुक्मिणी ओठ न हलवता म्हणाली, आणि पार्वती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

आधी जवळच्या रेघेवर, मग लांबच्या रेघेवर. सहदेवने कॅमेरा खिडकीच्या कठड्यावर टेकवून फोटो काढले, म्हणजे हाताचा कंप आड येणार नाही.

रोल त्याने घरी मोरीतच धुतला. पुढच्या रविवारी धर्मा आणि रुचिरा दहिसरला आले. धुतलेल्या रोलची पट्टी खिडकीशी उजेडात धरून सहदेवने भिंग डोळ्याला लावलं. मग त्याने भिंग धर्माच्या हातात दिलं.

"पेपर वाचता येत नाही," धर्मा हळूच म्हणाला. "पण मागं माझ्या जाळ्याच्या गाठी बघ! एकेक मोजून घे."

रुचिराने आईकडे पाहिलं. "आई, तू पुढे झुकली असशील. वय झालं, तोल जातो."

"तू हललंस काय गो?" सहदेवने विचारलं. रागावला, हळवा झाला की त्याच्या तोंडात मालवणी येई.

तिघंही तिच्याकडे बघत होती. तिला ठाऊक होतं, ती केसभरही हलली नव्हती. तिला हेही ठाऊक होतं की एका शब्दावर टेबल दिंडोशीला जातं. ती म्हणाली, "हलले. गुडघा दुखत होता."

रुचिराने श्वास सोडला. "मग झालं तर! लेन्स बरोबर आहे."

सहदेवने पट्टी पुन्हा उजेडात धरली आणि एकेक फोटो सावकाश पाहिला. मग त्याने भिंग खाली ठेवलं.

"खोटं बोलतेस," तो म्हणाला. "जाळं तिरकं होतं, त्यावरून कळतं. जवळच्या फोटोंत गाठी तुझ्या मागे चार बोटांवर साफ आहेत. लांबच्या फोटोंत मागे वीतभर. सगळ्याच फोटोंत तसंच. माणूस हलला तर कधी पुढे जाईल, कधी मागे. असा हिशेबाने कोण हलतो? लेन्सच मागे बघतेय."

रुक्मिणीने टेबलावरचा दिवा लावला.

त्याने लेन्स तिथेच खोलली. लेन्स कॅमेऱ्यापासून नेमक्या अंतरावर राहावी म्हणून तिच्या बुडाशी पितळेची चकती असते, पानासारखी पातळ. चकतीची जागा रिकामी होती. शोधाशोध झाली, तेव्हा ती स्पिरिटच्या बशीत तळाला चिकटलेली सापडली. त्याने चिमट्याने उचलली. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. मग जिन्यात दिव्याखाली पुन्हा रेघा मारल्या, पुन्हा रुक्मिणी उभी राहिली, आणि या खेपेला रोल धुतल्यावर पेपरातल्या बारीक जाहिराती वाचता आल्या.

"झकास!" धर्माने मांडीवर थाप मारली.

"चला, सुताराला फोन करते," रुचिरा म्हणाली.

"नको," सहदेव म्हणाला. "पहिल्या खेपेला आली नाही. बोलणं पहिल्या खेपेचं होतं."

"अहो, हात थरथरला म्हणून काय झालं?" रुक्मिणी पुढे झाली. "चकती बसवलीत ना तुम्हीच?"

"हाताचं काही नाही गं. कापणारा हात टेकवता येतो. चकती राहिली, हे मला आठवलंच नाही. धर्माची लेन्स होती आणि समोर तू होतीस, म्हणून कळलं. परक्या गिऱ्हाइकाची असती तर मी त्यालाच म्हटलं असतं, तुम्हीच हललात."

रुचिराने फोन खाली ठेवला.

टेबल आणि हत्यारं बोरिवलीचा सिद्धेश घेऊन गेला. तोही हेच काम करतो. दहिसर सोडण्याआधी सहदेव त्याच्याकडे जाऊन बसायचा, काही दिवसांनी जायचा बंद झाला. "त्याला माझी गरज नाही," म्हणाला, आणि त्यात कडवटपणा नव्हता. दिंडोशीत पहिला महिना तो रुक्मिणीला भीती होती तसाच भिंतीकडे तोंड करून पडला. मग एक दिवस उठून खाली सोसायटीच्या खोलीत कॅरम बघायला गेला आणि तिथल्या म्हाताऱ्यांशी रोज भांडू लागला. २०२३च्या मार्चमध्ये झोपेतच गेला.

धर्माने होडी पुतण्याला दिली. कोळीवाड्यात हळद असली की तो अजून तो रशियन कॅमेरा गळ्यात घालून जातो, आणि रोल महाग झाला म्हणून एका घरी दोनच फोटो काढतो. रुचिराने बाल्कनी बंद करून घेतलीच; तिथे कपडे धुवायचं मशीन आहे. रुक्मिणी तिच्याकडेच असते. दिंडोशीच्या बाजारात मासे ताजे मिळत नाहीत ही तिची तक्रार काही मिटत नाही. पार्वती मधूनमधून वेसाव्याहून बोंबील घेऊन येते, तेवढे दोन दिवस काय ती गप्प.