पेटीतली साडी, खुंटीवरचे मोजे

मी एक जांभळी रेशमी साडी बोलतेय. सोनेरी काठ, पदरावर मोर. वर्ध्याच्या दुकानात मला काचेआड लावलं होतं आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई क्षणभर थांबूनच पुढे जायची. थोडा तोरा होताच माझ्यात.

सिंदी मेघेत राहणाऱ्या धनंजयने बहिणीच्या भाऊबिजेसाठी मला घेतलं. बहीण वर्षाली, देवळीजवळच्या गावात दिलेली. दसऱ्यापासून तिचे सगळे दिवस कापूस वेचण्यात जातात.

डबा उघडताच "माय वो!" म्हणत तिने माझ्यावरून हात फिरवला आणि दचकून मागे घेतला. बोंडांच्या वाळक्या टोकांनी तिची बोटं पेरांवर फाटली होती. माझा एक धागा त्यांत अडकून वर आला. तिने घाईघाईने मला पेटीत ठेवलं.

मग धाकटा भाऊ अंकुश पुढे सरकला. तो देवळीत शिलाईच्या दुकानात काम करतो. त्याच्या पुडक्यातून निघाले जुन्या जीन्सचे हातमोजे! कोपरापर्यंत लांब, फक्त तीन बोटांची टोकं उघडी.

"राखीले पेपरावर हात ठेवाले लावून माप घेतलं, ते याच्यासाठी काय रे?" वर्षालीने विचारलं.

"मंग? टोकं उघडी ठेवली ताई, कापूस हाताले लागला पाह्यजे ना. बाकी टोचन नाई आता."

ती इतकी हरखली, की मोजे घालूनच ओवाळायला उठली. धनंजय हसला खरा, पण नुसत्या ओठांनी.

पेटीचं झाकण नीट बसत नाही. फटीतून मला समोरची खुंटी दिसते. रोज सकाळी ती मोजे घेऊन वावरात जायची, संध्याकाळी झटकून पुन्हा टांगायची. शिवणीत अडकलेला कापूस मिरवत ते तिथे लोंबायचे आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. कुणाच्या तरी फाटक्या पँटीचे तुकडे ते! त्यांना रोज तिचा हात, आणि मला डांबरगोळ्या.

दर रविवारी धनंजयचा फोन यायचा. "साडी नेसली काय?"

"नेसन ना दादा."

संक्रांतीला तो स्वतःच आला. दारात शेजारच्या अंजू आणि रोशनी बसल्या होत्या. अंकुश त्यांच्या हातांची मापं घेत होता. धनंजयला राहवलं नाही. "माह्या साडीची घडीबी मोडली नाई, अन् या चिंध्याइचं एवढं कौतुक?"

पेटीत मी ताठ झाले. अखेर माझ्या बाजूचं कुणीतरी बोललं होतं!

"दादा, तुह्या साडीले हात लावाले भेव वाटे मले," वर्षाली म्हणाली. "आता पाह्य." तिने हात पुढे केले. भेगा बुजल्या होत्या, पांढरे वण तेवढे उरले होते.

धनंजयने तिचे हात हातात घेऊन ते वण जवळून पाहिले. "एवढं होत होतं, अन् मले सांगतलं नाई?"

"तू फोनवर साडीचंच पुसे, दादा."

त्या संध्याकाळी हळदीकुंकवाला ती मला नेसली. निऱ्या घालताना एकही धागा अडकला नाही. बायका माझा पदर हातात घेऊन बघू लागल्या. "कोणं घेतली वो?"

"माह्या दादानं!" ती म्हणाली. मी फुलून गेले. आणि लगेच, "थांबा, अंकुशनं काय देलं ते तं पाहा!" माझा पदर कमरेला खोचून ती खुंटीकडे धावली. सगळ्या बायकांचे डोळे मोज्यांवर. मी तिच्या अंगावर असून नसल्यासारखी.

हल्ली धनंजय फोनवर आधी तिचे हात कसे आहेत ते विचारतो. माझी आठवणही काढत नाही. झोंबतं मला, खोटं कशाला बोलू?

तरी तुम्हाला सांगते. बहिणीसाठी काही घ्यायचं असेल, तर आधी एक दिवस तिच्यासोबत वावरात जा, ती काय उचलते, कुठे थांबते, काय दुखतं ते बघा. मग घ्यायचं ते घ्या. माझ्यासारखीला घेतलं नाहीत तर मी जळेन. जळू द्या.