पद्मजाच्या हप्त्याची सूट

मुलुंडच्या श्यामसुंदर कर्णिकांना टॅक्ससाठी सल्लागार नेमणाऱ्या माणसांची कीव यायची. "अक्कल नसली की पैसे मोजावे लागतात," असं ते म्हणायचे. त्यांची बायको पद्मजा शाळेत शिकवायची. तिचाही फॉर्म दरवर्षी तेच भरायचे आणि ती न वाचता सही करायची.

१९८६ साली शेजारच्या चाळीत सुगंधा परबने कर सल्लागाराची पाटी लावली. तिचे वडील गिरणीत होते, संपानंतर घरीच बसले. पाटी पाहून श्यामसुंदर हसले. "गिरणीवाल्याची पोर आता आम्हाला इन्कमटॅक्स शिकवणार."

पद्मजाला ते हसणं खटकलं. जूनमध्ये ती आपल्या मागच्या चार वर्षांच्या फॉर्मांच्या प्रती घेऊन सुगंधाकडे गेली.

सुगंधाने त्या चाळल्या. "बाई, विम्याचा हप्ता तुमच्याच पगारातून कापतात ना? मग त्याची सूट कुठेच कशी नाही?"

घरी येऊन पद्मजाने नवऱ्याची फाईल उघडली. चारही वर्षं तिच्या हप्त्याची सूट त्यांनी स्वतःच्या फॉर्ममध्ये लावली होती.

संध्याकाळी तिने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "घर एकच आहे ना? आणि तुला त्यातलं काय कळतं?"

"कळत नाही, म्हणूनच पन्नास रुपये देऊन सुगंधाला नेमलंय. यंदा माझा हप्ता माझ्या फॉर्मवर येईल. तुम्हीही लिहिलात, तर इन्कमटॅक्सच्या साहेबांना तुम्हीच समजावा."

त्या वर्षी श्यामसुंदरांना टॅक्स जास्त पडला. किती, हे पद्मजाने विचारलंसुद्धा नाही.