करणीच्या सुया

"खणा इथं!" करणी शोधायला बोलावलेला बाबा गरजला आणि उकिरड्यात कुदळ पडली. खरोखरच सुया निघाल्या! मूठभर, शेणात बरबटलेल्या. गर्दीने आ वासला. गोठ्यातली गाय लंगडत होती, वासरू तडफडून मेलं होतं. आता कारण हाती लागलं.

"तिन्ही काळ माझ्या खिशात आहेत!" बाबाने डोळे फिरवले. एवढ्या मोठ्या खिशाचा बाबा, पण बोट नेमकं गेलं फटकळ म्हणून कुणालाच न आवडणाऱ्या थोरल्या सुनेकडे. "हिनं करणी केली. सुया पुरणारा तो हात जाळा!"

"मला करणी येत असती ना मेल्या, तर आधी तुझीच जीभ झडली असती!" थोरली कडाडली.

पहिली काठी शेजाऱ्याने तिच्या पाठीत घातली, दुसरी तोंडावर. दात तुटला. सख्ख्या दिराने केस धरून तिला चुलीपाशी फरफटत नेलं आणि तिचा हात निखाऱ्यांवर दाबला. कातडी चरचरली. ती गुरासारखी ओरडली. याच हाताने ती सगळ्या गोठ्याच्या धारा काढायची; हात गेला की तिला या घरात कोण विचारणार होतं?

गायीचा पाय बघायला आलेली गुरांची डॉक्टरीण धावत आत शिरली. दिराला ढकलून तिने थोरलीचा हात पाण्याच्या बादलीत बुडवला.

"आता याच्या उकिरड्यात खणा," तिने शेजाऱ्याकडे बोट दाखवलं.

"माझ्या कशाला?"

खणलं. सुयाच सुया, वर औषधाच्या फुटक्या बाटल्या. पलीकडच्या घरीही तेच.

"तिथंही हिनंच पुरल्या!" बाबा किंचाळला.

डॉक्टरणीने एक सुई धुऊन सिरिंजला लावली. तुंबलेली निघाली. दुसरी लावली, दट्ट्या दाबला. पाण्याची धार थेट बाबाच्या तोंडावर.

"करणीच्या सुईला आरपार भोक कशाला हो, बाबा? इंजेक्शनच्या सुया आहेत या! गुरांना टोचता आणि उकिरड्यात भिरकावता. त्यातलीच एक गायीच्या खुरात घुसली. फेकलेल्या बाटलीतलं औषध चाटून वासरू गेलं. कुठलाही उकिरडा खणला तरी सुया निघणार, एवढंच याला ठाऊक होतं. जरा डोकं चालवा! सुया झाकण असलेल्या जाड डब्यात टाका. उरलेलं औषध आणि बाटल्याही दवाखान्यात आणून द्या."

झालं! त्याच काठ्या आता बाबावर उगारल्या गेल्या.

"थांबा!" थोरली रक्त थुंकत उठली. "त्याला पोलिसांत द्या. आणि सुया टाकणारा हात जाळायचा होता ना? मग काढा सगळ्यांनी हात पुढे. भावोजी, आधी तुम्ही."

दिराने हात पाठीमागे लपवला. कुणाचाच हात पुढे आला नाही.

"नाही ना? मग निदान सुया टाकायला तो डबा तरी आणा," थोरली म्हणाली आणि भाजलेला हात पुन्हा पाण्यात बुडवून बसली.