नवरदेवाचे पाय

पोरगी पाहायला गेलं की तिला चालायला लावायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. ती चहा देते, पाटावर बसते, मग कुणीतरी मावशी म्हणते, "ऊठ बाई, दारापर्यंत जाऊन ये." पण पोराच्या घरी येऊन पोरालाच चालायला लावणारा बाप वडाळखेडात तोवर कुणी पाहिला नव्हता. दुसरबीडचे पुंजाजी तसे निघाले. जिल्हा परिषद होऊन वर्ष झालं असेल, तेव्हाची ही गोष्ट.

त्या दिवशी सोजराबाईंनी पुरणाचा बेत केला होता. पुंजाजींची विमल त्यांना सून म्हणून मनापासून हवी होती. उंद्रीच्या एका लग्नात त्यांनी तिला पाहिलं होतं; दुपारभर पंगती वाढूनही पोरगी हसत होती. सोजराबाईंचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात त्या आणि एकुलता एक मोतीराम. विमल आली की हे घर पुन्हा हसेल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

"पोरा, जरा दारापर्यंत जाऊन ये," पुंजाजी म्हणाले.

मोतीराम उठला आणि लंगडत दारापर्यंत गेला. घोट्याला चिंधी, चिंधीत काडी आणि काडीला गुंडाळलेला, पायातून निघणारा दोऱ्यासारखा जंत, नारू.

"पायाले काय झालं?"

"काही नाही, नारू हाये," सोजराबाई सहज बोलून गेल्या. वडाळखेडात नारू हा रोगात धरतच नसत. दर उन्हाळ्यात घरटी एकाला तरी व्हायचाच. गावात आजारी कोण म्हणून विचारलं, तर लंगडणारा माणूसच सांगायचा, कोणी नाही बा.

पुंजाजींनी मात्र वाटेत सहा लंगडणारे पाहिले होते. "गावात साथ हाये का?" त्यांनी विचारलं.

आरोग्य निरीक्षक भगवंतराव तपासणीसाठी गावात आले होते, त्यांनाही जेवायला बोलावलं होतं. बाईंनी त्यांनाच पुढं केलं. "या साहेबालेच इचारा. हाये का हो साथ?"

"साथ नाही," भगवंतराव म्हणाले. बाईंचा जीव भांड्यात पडला. पण सरळ माणसाचं एक वाईट असतं, तो अर्ध्यावर थांबत नाही. "साथ एकाएकी पुष्कळांना धरते आणि ओसरते, पटकीसारखी. तीच देशोदेशी पसरली तर महासाथ. कुठं एखादाच रोगी निघाला तर तो तुरळक रोग. नारू यातला नाही. तो इथंच ठाण मांडून बसलाय, दर वर्षी निघतो. त्याला स्थानिक रोग म्हणतात."

पुंजाजींच्या कपाळावर आठ्या चढल्या. बाईंना वाटलं, आपण सोपं करून सांगावं.

"म्हणजे पाहा भाऊ, साथ म्हंजे वरात. वाजत येते, जेवते, निघून जाते. तुरळक म्हंजे एखादा पाव्हणा. आन् नारू म्हंजे घरजावई. काऊन बसला, हे कोणी इचारतच नाही."

सगळे हसले. पुंजाजीही पोट धरून हसले आणि मग टोपी घालून उठले.

"पोरगा मले पसंत हाये. पण घरजावई बसला हाये त्या घरात मी पोरगी देत नाही. पुढच्या वैशाखात येतो. तोवर त्याले काढा."

पुरण तसंच राहिलं. सोजराबाईंना रडूही आलं आणि रागही आला, आणि त्या रागातच त्यांनी भगवंतरावांना धरलं. "काढू कसा?"

भगवंतरावांनी सांगितलं ते असं. नारूवाला बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवतो, अळ्या पाण्यात सुटतात. त्या बारीक पाणकिड्यांच्या पोटात जातात, ते किडे पाण्याबरोबर आपल्या पोटात, आणि वर्षभरानं पायातून नारू बाहेर. म्हणून नारूवाल्यानं पाण्यात उतरायचं नाही आणि प्यायचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं.

बाईंनी लग्नातलं लुगडं फाडलं आणि माठावर दुहेरी बांधलं. चारच दिवसांनी त्यांना मोतीराम शेजारच्या भाऊरावाकडे तांब्याभर पाणी घटाघटा पिताना दिसला. तेव्हा बाईंना उमगलं, हा रोग एका घराचा नव्हताच, गावाचा होता. उरलेल्या लुगड्याचे तुकडे त्यांनी घरोघर वाटले आणि दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला बारवेच्या वरच्या पायरीवर जाऊन बसल्या.

"पाय दाखव," त्या येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायच्या.

"माहे पाय पाह्यता?" रंगराव पाटील भडकले.

"पाय पाहूनच तं आपण सुना आणतो, पाटील. दाखवा. हं, चिंधी बांधेल पाय पायरीवर नाही. वर थांबा, घागर मी भरून देते."

गावानं थट्टा केली, वरमाय बारवेवर नवरदेव पाहायला बसते म्हणून. बाईंनी मनावर घेतलं नाही. त्यांचे हात भरून यायला लागले, तेव्हा भाऊरावाची बायको बनाबाई आपण होऊन शेजारी येऊन बसली.

वैशाख आला. घरटी एक होता, तिथं सगळ्या गावात चारच नारू निघाले. पुंजाजी आले. मोतीराम दारापर्यंत ताठ गेला, आनंदाच्या भरात एकदा पळूनही आला.

"सुपारी फोडू," पुंजाजी खुशीत म्हणाले. "उठा विहीणबाई, कुंकू आणा."

सोजराबाई उठेनात. त्यांचा एक पाय लुगड्याखाली होता. फडकं बांधायच्या आधी प्यालेलं पाणी चार दिवसांपूर्वी घोट्यातून निघालं होतं. गुडघे दुखतात म्हणावं, असं ओठावर आलं. पण वर्षभर गावाचे पाय उघडे करून पाहिले, आता आपला कसा झाकायचा? त्यांनी लुगडं वर सरकवलं.

"शेवटचा घरजावई हाये," त्या हळूच म्हणाल्या. "आता निघून राह्यला."

पुंजाजी त्या चिंधीकडे बघत राहिले. "मंग पाणी कोण आणते?"

"मोतीराम. बनाबाई मले पायरी उतरू देत नाही. कालच हाकलून देलं."

पुंजाजींना हसू आवरेना. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून डोळे पुसले. "विहीणबाई," ते म्हणाले, "वैशाख सरायच्या आत लगीन करू. तुम्ही वर थांबा, घागर माही पोरगी भरून देईल."

सोजराबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि कुंकवाचा करंडा आणायला त्या लंगडत आत गेल्या.